कागदी कुन

हालोमचा माळ सपाट म्हणजे किती सपाट? पाहुणा यायचा असेल तर सकाळी त्याची टोपी दिसते, दुपारी तो स्वतः दिसतो, आणि त्याचे बूट दिसेपर्यंत मटण शिजून तयार असतं. अशा या माळावर गावं दोन आणि दोन्हींचं नाव हालोम. हालोम म्हणजे टेकाड. टेकाड मात्र एकच, दोन गावांच्या मधोमध, तेही एवढंसं की त्यावर मेंढा चढला तर टेकाडापेक्षा मेंढाच उंच वाटतो. पण हंगेरीच्या त्या सपाट मुलखात तेवढ्याचंही अप्रूप. टेकाडाच्या अलीकडचं ते वरचं हालोम, पलीकडचं ते खालचं. वर आणि खाली यांत फरक हातभर असेल नसेल. तो मोजायला दोनदा सरकारी मोजणीदार आले, आणि दोघांनी दोन उलटे आकडे लिहून नेले.

वरच्या हालोमचा मुखिया होता मोझेश बुगा. वय अडुसष्ट, आणि मिशा त्याहून दोन वर्षांनी थोरल्या, असं त्याची बायको युदित म्हणायची. त्याच्या गावातले सगळे लोक कुन. त्यांचे पूर्वज साडेसहाशे वर्षांपूर्वी पूर्वेच्या गवताळ मुलखातून घोड्यांवर बसून आले, तंबूंसकट, मेंढ्यांसकट. राजानं त्यांना माळ दिला, पाद्र्यांनी देव दिला. पुढे तंबू गेले, घोडे नांगराला लागले, आपली भाषासुद्धा हे लोक कधीतरी कुठेतरी विसरून आले. शिल्लक राहिला तो ताठा. कुन माणूस टोपी काढतो ती फक्त चर्चमध्ये आणि झोपताना. मोझेश झोपतानाही काढत नाही, ही बातमीसुद्धा युदितनंच गावभर केलेली.

खालच्या हालोमची गोष्ट वेगळी. तिथले लोक दीडशे वर्षांमागे उत्तरेच्या डोंगरांतून येऊन वसलेले. कामसू, टापटिपीचे, कागद जपून ठेवणारे. आणि तरी त्या गावच्या मुखियाचं आडनाव कुन. आब्राहाम कुन. हा युदितचा धाकटा भाऊ, म्हणजे मोझेशचा मेहुणा. मोझेश लग्नाच्या दिवशी वरात घेऊन खाली गेला, दारात उभ्या असलेल्या आब्राहामनं आपलं नाव सांगितलं, आणि मोझेशनं त्याला नखशिखांत न्याहाळून सगळ्या वरातीदेखत विचारलं, "कुन? कोणत्या कागदावर?" त्या दिवसापासून आब्राहामचं नाव पडलं कागदी कुन. चाळीस वर्षं झाली. बाजारात पावसाचे चार थेंब पडले की मोझेश लांबूनच ओरडायचा, आत ये रे आब्राहाम, भिजलास तर शाई उतरेल. लोक हसायचे. आब्राहामही हसायचा. युदित हसायची नाही, पण ते मोझेशच्या कधी लक्षात आलं नाही.

तर शतक बदललं आणि सरकारला एक खूळ लागलं. एका गावाला एकच नाव, आणि एका नावाचं देशात एकच गाव. पोस्टाची आणि रेल्वेची सोय म्हणे. तसा पोस्टाचा त्रास होताच. खालच्या हालोमातल्या पाद्र्याला आलेलं शिंकांवरचं औषध वरच्या हालोमातल्या एका बैलानं घेतलं होतं आणि तो वर्षभर शिंकला नव्हता. म्हणून दोन्ही हालोमांना पत्रं आली: आपल्या गावाच्या नावाआधी काय जोडावं, ते कळवा.

खालच्या हालोमनं त्याच दिवशी सुवाच्य अक्षरात उत्तर धाडलं: कुनहालोम. सही, आब्राहाम कुन.

वरच्या हालोमचं उत्तर मोझेशनं लिहिलं, घराचं दार लावून, तीन दिवस. कुणाला दाखवलं नाही. गावात सांगितलं, सणसणीत पत्र लिहिलंय, आता नाव आपल्याकडून कोण नेतो बघू. गाव निर्धास्त झालं. दोन वर्षं गेली. आणि त्या शरदात निरोप आला की राजधानीतून नावांच्या खात्याचा अधिकारी येतोय, कुनहालोम हे नाव खालच्या हालोमला द्यायचं जवळपास ठरलंय, आणि वरच्या हालोमसाठी खात्यानं आपल्याच मनानं एक नाव सुचवलंय: बेकाशहालोम. बेकाश म्हणजे बेडकांचं. गावामागच्या दलदलीत बेडूक होते हे खरं. पण म्हणून काय सातशे उंबऱ्यांच्या कुनांनी बेडकांच्या नावानं पत्रं घ्यायची?

आता मोझेशची झोप उडाली. नावाची चिंता होतीच. पण त्या पत्रात त्यानं काय लिहिलंय, हे तो आणि देव सोडून फक्त त्या खात्याला ठाऊक होतं.

अधिकारी आला. आउरेल लेंग्येल त्याचं नाव. चाळिशीचा, किडकिडीत, चष्मेवाला, हातात चामड्याची पिशवी. त्या वर्षी चिखल बेताचा होता, त्यामुळे त्याची गाडी फक्त आसापर्यंत रुतली आणि टोपी शोधायला दोरी लागली नाही. कुठल्या गावात आधी जायचं यावरून भांडण नको म्हणून टेबल टेकाडावरच मांडलं होतं, दोन पाय वरच्या हालोमात, दोन खालच्या. दोन्ही गावं भोवती जमली. खाली उतारावर लोखंडी हंड्यात मेंढा शिजायला घातला होता, तोही सामाईक: मेंढा वरच्यांचा, मिरचीपूड आणि लाकडं खालच्यांची.

साहेबाकडे छापील कागद होता आणि त्यावर चार प्रश्न. पहिला: गावात कुन आडनावाची माणसं किती?

आब्राहामनं मागे वळून नुसता हात वर केला. खालच्या हालोमातून एकेचाळीस माणसं पुढे येऊन रांगेत उभी राहिली, म्हाताऱ्यांपासून अंगावरच्या बाळापर्यंत, सगळी चर्चच्या कपड्यांत. साहेबानं मोजली, पुन्हा मोजली, बाळाच्या गालाला हात लावला आणि लिहून घेतली.

"आणि वरच्या हालोमात?"

मोझेशनं छाती पुढे काढली. आमच्यात बुगा आहेत, तो म्हणाला, काराच आहेत, तोर्तेल आहेत, चोरेग आहेत. सगळी जुनी घराणी, सगळे कुन.

"पण कुन आडनावाचं कुणी?"

मोझेश बराच वेळ मिशी ओढत राहिला. "तसं म्हणाल तर, एकही नाही."

साहेबानं शून्य काढलं. गोल, नीट, सावकाश. वरच्या हालोमातल्या काहींना ते शून्य टेकाडाएवढं दिसलं.

दुसरा प्रश्न जुन्या दस्तऐवजांचा. खालच्या हालोमनं दीडशे वर्षांच्या वह्या आणल्या होत्या, कापडात बांधून. वरच्या हालोमनं आणलं ते स्पष्टीकरण. एका कडाक्याच्या हिवाळ्यात चर्चच्या खोलीत मेंढा शिरला होता, आणि त्यानं बाप्तिस्म्यांपासून दफनापर्यंत सगळ्या नोंदी खाल्ल्या. पुढे कितीतरी दिवस त्या मेंढ्याला गावातल्या प्रत्येकाचं कूळ तोंडपाठ होतं, पण तो सांगेना, म्हणून शेवटी लोकांनी त्यालाच खाल्लं. मोझेशनं हे इतक्या गंभीरपणे सांगितलं की साहेबानं पहिली ओळ लिहूनही घेतली, मग खोडली.

तिसरा प्रश्न भाषेचा. आता, कुनांची भाषा मेली तरी त्या भाषेतली एक प्रार्थना मागे राहिली होती. आभाळातल्या बापाची. अर्थ कुणालाच कळत नाही, पण पाठ सगळ्यांना. इथं आपला डाव लागणार अशी वरच्यांची खात्री होती. पण खालच्या शाळामास्तरानं तीस पोरं उभी केली, सगळ्यांनी एका छापील कागदावरून पाठ केलेली, आणि तीसही तोंडांतून प्रार्थना एका सुरात निघाली, एकही शब्द पुढेमागे नाही. वरच्या हालोमातून एस्तेर तोर्तेल उठली, वय ऐंशी, आणि तिनं आपल्या आजीची प्रार्थना म्हटली. मग ठार बहिरा लोरिंत्स काराच उठला आणि त्यानं आपल्या आजोबांची म्हटली. पहिला आणि शेवटचा शब्द सोडला तर दोन्हींत काही म्हणता काही जुळेना. एस्तेर त्याच्या कानाशी ओरडली, की तू देवाला कुठल्याकुठे पाठवून दिलंस मेल्या. लोरिंत्सला ऐकू गेलं नाही, त्यानं आपली प्रार्थना पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. साहेबानं लिहिलं: वरचं हालोम, एकवाक्यता नाही.

मोझेशनं युदितकडे पाहिलं. ती खाली हंड्याजवळ बसली होती, हातात काही काम नसलेली, आणि तिच्या चेहऱ्यावर तो भाव होता जो घरात भांडण सुरू व्हायच्या आधी असतो.

चौथा प्रश्न चालीरीतींचा. तो विचारायच्या आधी साहेबाला हंड्याचा वास आला. तो उतरून खाली गेला. शहरातला माणूस, मदत करायची म्हणून शेजारी टांगलेली वाढायची पळी त्यानं उचलली आणि हंड्यात घालून ढवळायला निघाला.

दोन्ही गावांतून एकदम आवाज आला. आणि पळी हंड्याच्या काठाला लागायच्या आत एका हातानं साहेबाचं मनगट धरलं. तो हात आब्राहामचा होता. साहेब दचकला. आब्राहामनं टोपी न काढता माफी मागितली आणि समजावलं, की साहेब, कुनाच्या हंड्यात पळी जात नाही. डोकं, पाय, सगळं थरानं लावायचं, आणि मग हंडाच दांडीला धरून हलवायचा, झटका देऊन, गोल. पळी घातलीत की संपलं. मग त्यानं स्वतः हंडा धरला आणि दोन झटके दिले, असे की तळचा थर वर आला आणि वरचा तळाशी गेला, एक थेंब सांडला नाही.

मोझेश पाहत राहिला. आपला झटका गेली दोन वर्षं डावीकडे सांडतो, हे त्याला उगाच आठवलं.

साहेब टेबलाशी परत आला. म्हणाला, चाल दोन्हीकडे सारखीच आहे, तेव्हा ती कुणाच्याच बाजूनं धरता येत नाही. आडनावं खालच्या गावात, कागद खालच्या गावात, प्रार्थना खालच्या गावात. त्यानं लेखणी शाईत बुडवली.

तेव्हा युदित उठली. एप्रनला हात पुसत टेकाडावर आली. आली म्हणजे चार पावलं चालली. म्हणाली, साहेब, मला एक विचारायचंय, तुमचं आडनाव लेंग्येल, म्हणजे पोलंडवाला. तुमचं कुणी तिकडून आलं होतं का?

साहेबाला हे अनपेक्षित होतं. "खापरपणजोबा. क्राकोवहून."

"क्राकोवमध्ये त्यांना शेजारी पोलंडवाला म्हणून हाक मारत असतील?"

साहेबाची लेखणी थांबली. शाईचा एक थेंब कागदावर पडला. "नाही," तो म्हणाला, "तिथं तर सगळेच... तिथं त्यांना घंटेवाला म्हणत. घंटा ओतायचे ते."

"तेच म्हणते मी."

मग तिनं सगळं सांगितलं. तिचे आजोबा पेतेर चोरेग, वरच्या हालोमातले, मोझेशच्याच गल्लीतले. खालच्या हालोमात घरजावई म्हणून गेले. वर होते तोवर त्यांना कुणी कुन म्हटलं नव्हतं, कारण वर कुन म्हणून हाक मारली तर सगळी गल्ली वळून पाहील. खाली गेले आणि त्या गावातला एकुलता एक कुन झाले. विहिरीवर कुन, बाजारात कुन, भांडणात तर कुनच. मग कारकून आला, त्यानं विचारलं या माणसाचं नाव काय, लोक म्हणाले कुन, आणि त्यानं लिहिलं. हे समोर रांगेत उभे आहेत ना साहेब, ती म्हणाली, एकेचाळीसच्या एकेचाळीस त्या एका पेतेरची लेकरं-नातवंडं-पतवंडं. वरच्या शून्याचा अर्थ तिथं कुन नाहीत असा नाही. खालच्या एकेचाळीसचा अर्थ मात्र तिथं एक कुन गेला होता, एवढाच.

वरच्या हालोमचे चेहरे उजळले. आब्राहाम बहिणीकडे बघत म्हणाला, "ताई, तू नेमकी कुणाच्या बाजूनं?"

"टेकाडाच्या," युदित म्हणाली. पण भावाकडे न बघता म्हणाली.

साहेबानं चष्मा काढून पुसला. तो मनानं सरळ होता. सोळा वर्षं नावांच्या खात्यात काढून ही साधी गोष्ट आपल्याला सुचली नाही, हे त्यानं उघड कबूल केलं. म्हणाला, बाई, तुमचं म्हणणं बरोबर आहे. ज्याचं नाव पडतं तो तिथं वेगळा असतो. आणि म्हणूनच, तो पुढे म्हणाला, कुनहालोम हे नाव खालच्या गावालाच द्यायला हवं. कारण वरच्या गावात सगळेच कुन असतील तर त्यांना या नावाची गरज काय? आणि हे काही मी म्हणत नाही. हे तुमच्याच मुखियांनी लिहून दिलंय.

त्यानं पिशवीतून एक पत्र काढलं.

मोझेशला वाटलं, आत्ता टेकाड फाटावं आणि आत कुणी जुना कुन सरदार पुरलेला असेल त्याच्या शेजारी आपल्याला जागा मिळावी. पण टेकाड फाटलं नाही. साहेबानं पत्र मोठ्यानं वाचलं:

"आम्ही कोण ते आमच्या मेंढ्यांनाही ठाऊक आहे. आपण कोण याची ज्याला शंका असेल त्यानं नाव मागावं. आम्ही कुणाकडे काही मागत नाही. मोझेश बुगा."

खाली खात्याचा शेरा होता: अर्जदारास नावाची गरज नाही.

मग एस्तेर तोर्तेलनं विचारलं, "हेच का रे मोझेश तुझं सणसणीत पत्र?" आणि लोरिंत्स काराच शेजाऱ्याला विचारत राहिला की काय वाचलं, काय वाचलं, आणि शेजाऱ्यानं ते त्याच्या कानात ओरडून सांगितलं, म्हणजे ज्यांनी ऐकलं नव्हतं त्यांनीही ऐकलं.

साहेबालाच वाईट वाटलं. तो म्हणाला, नियम असा आहे की अर्ज एकाच गावाचा आहे. वरच्या गावानं आत्ता मागितलं आणि खालच्या गावानं सोडलं, तरच काही होऊ शकेल. नाहीतर, त्यानं कागदाकडे पाहिलं आणि बेडकांचं नाव घ्यायचं सौजन्यानं टाळलं.

मोझेश उभा होता. कुन कुणाकडे मागत नाही. त्याच्या बापानं मागितलं नव्हतं, आजानं मागितलं नव्हतं, पणज्यानं तर दुष्काळात पाऊससुद्धा मागितला नव्हता, आभाळाकडे नुसतं रोखून बघितलं होतं. आणि मागितलंच, तर सोडायचं कुणी? ज्याला चाळीस वर्षं शाई उतरेल म्हणून हिणवलं त्यानं. एवढ्या वेळात खाली हंड्याला पाच झटके देऊन झाले.

शेवटी मोझेशनं डोक्यावरची टोपी काढली. त्याचं कपाळ गावानं कधी उन्हात पाहिलं नव्हतं. ते चिजासारखं पांढरं होतं. तो म्हणाला, "मागतो."

साहेब आब्राहामकडे वळला. दोन्ही गावं आब्राहामकडे वळली.

आब्राहाम बरंच काही बोलू शकला असता. चाळीस वर्षांचा साठा होता. त्यानं त्यातलं फारसं काही काढलं नाही.

"दाजी," तो म्हणाला, "माझ्या लग्नात तुम्ही मला कागदी म्हणालात. पोरांच्या बाप्तिस्म्यात म्हणालात. बाप मेला तेव्हा कबरीपाशीसुद्धा म्हणालात, हळू आवाजात, पण म्हणालात. आजोबा तुमच्याच गल्लीतले. त्यांना खाली आयुष्यभर उपरा म्हणून कुन म्हणत राहिले. मी वर आलो की तुम्ही मला खालचा म्हणता. मग मी कुठला? गावाचं नाव न्या खुशाल. माझं मला द्या."

मोझेशनं खाली पाहिलं, मग हंड्याकडे पाहिलं, मग बायकोकडे. युदितच्या चेहऱ्यावर आता तो भांडणाआधीचा भाव नव्हता. ती नुसती वाट बघत होती, आणि कधीपासून बघत असावी, हे मोझेशला पहिल्यांदाच जाणवलं.

"आब्राहाम कुन आहे," तो पुटपुटला.

"लोरिंत्सला ऐकू गेलं नाही," आब्राहाम म्हणाला.

तेव्हा मोझेशनं टोपी छातीशी धरली आणि इतक्या मोठ्यानं सांगितलं की वरच्या हालोमातली कुत्री भुंकली, खालच्या हालोमातल्या कुत्र्यांनी त्यांना उत्तर दिलं, आणि दलदलीतून बगळ्यांचा थवा उठला तो म्हणे थेट नदीपलीकडे जाऊन बसला. आब्राहाम कुन आहे. पेतेर चोरेगचा नातू आहे. आम्ही वरचे काही त्याच्याहून जास्तीचे कुन नाही.

लोरिंत्स काराचनं मान डोलावली. म्हणाला, एवढं सांगायला टोपी कशाला काढली, हे तर मला आधीच ठाऊक होतं.

खालची माणसं हसली, वरचीही हसली. आब्राहाम हसला नाही. त्यानं साहेबाच्या टेबलावरचा एक कोरा कागद उचलला आणि दाजींसमोर ठेवला.

"आता लिहून द्या."

मोझेशनं मेहुण्याकडे असं पाहिलं की दुसरा कुणी असता तर कागद मागे घेतला असता. आब्राहामनं घेतला नाही, उलट लेखणी पुढे केली. मोझेश बसला. या वेळी दार लावायला दार नव्हतं आणि तीन दिवसही नव्हते. दोन गावं खांद्यावरून वाकून बघत होती आणि मागून कुणीतरी म्हणत होतं की 'नातू' मोठ्या अक्षरात लिही. त्यानं लिहिलं. अंगठ्याला शाई लागली, मिशीच्या टोकाला लागली. लिहून झाल्यावर युदितनं कागद घेतला, फुंकून वाळवला आणि भावाच्या हातात दिला, आणि त्याच वेळी त्याच्या बाहीवरची धूळ झटकली, बाहीवर धूळ नव्हती तरी.

आब्राहामनं तो दोनदा वाचला. साहेबाला म्हणाला, यावर शिक्का मारता येईल का? साहेबानं नियमांचं पुस्तक चाळलं आणि दिलगिरी व्यक्त केली, की माणूस कोण आहे यासाठी खात्याकडे शिक्का नाही, फक्त गावांसाठी आहे. बरं, आब्राहाम म्हणाला, आणि कागदाची घडी घालून सदऱ्याच्या आत ठेवली. मग त्यानं आपला दोन वर्षांपूर्वीचा अर्ज मागून घेतला, खाली लिहिलं 'सोडला', आणि सही केली.

अशा रीतीनं वरचं हालोम कुनहालोम झालं. एकही कुन आडनाव नसलेलं कुनहालोम. साहेबानं मान्य केलं की हे विचित्र आहे, पण त्याच्या यादीत याहून विचित्र गावं आहेत.

मग त्यानं विचारलं, की आता खालच्या गावाला काय नाव? मटण झालंय, लवकर सांगा. आब्राहामनं याचा विचारच केला नव्हता. त्यानं वळून आपल्या गावाकडे पाहिलं. टेकाडावरून खालचं हालोम सगळं दिसतं: चर्च, शाळा, पाणवठा, आणि पहिल्या घराच्या अंगणात सफरचंदाचं एक झाड, त्या वर्षी फळांनी वाकलेलं. आल्माश, तो म्हणाला, आल्माशहालोम लिहा, सफरचंदांचं टेकाड. साहेबानं लिहिलं, शिक्का मारला आणि सगळे हंड्याकडे गेले.

ते झाड आब्राहामच्या सासूचं होतं. तिला विचारायला कुणी गेलं नव्हतं. पण पुढच्या रविवारी ती चर्चमध्ये आली ती सरळ पहिल्या बाकावर, मुखियांच्या जागी जाऊन बसली, आणि तिला उठवायची छाती कुणाचीच झाली नाही.